पांढऱ्याची ट्यूब शेवटी उघड

अगो बाय, रंगांची मोठी पेटी घेऊ नकोस. परवा कसालच्या तिठ्यावर एसटीची वाट बघताना तू विचारलंस, तेव्हा चारचौघांत नीट बोलता आलं नाही, म्हणून आता सविस्तर सांगते. शाळेच्या व्हरांड्यातला तो संगमरवरी अर्धपुतळा तुला ऑइलमध्ये करायचाय हे ऐकून मला फार बरं वाटलं. पण त्याच दमात तू पेटीचा भाव सांगितलास आणि पैसे साठेपर्यंत थांबते म्हणालीस. थांबू नकोस गो. संगमरवराला तीन ट्यूब पुरतात.

टायटॅनियम व्हाइट, अल्ट्रामरीन ब्ल्यू आणि बर्न्ट सिएन्ना. पांढऱ्याची मोठी, बाकीच्या दोन लहान. चार पैसे उरले तर यलो ऑकर, तोही दुसऱ्या चित्राच्या वेळी. काळा आणूच नकोस. आपल्याकडच्या दुकानांत पोस्टर कलर समोर मांडलेले असतात, ऑइलच्या सुट्या ट्यूब मात्र विचारून घ्याव्या लागतात. कुडाळ-कणकवलीला नाहीच मिळाल्या तर कोल्हापूरला जाणारं कोणी ना कोणी असतंच, त्याच्याकडे नावं लिहून चिठ्ठी दे. परदेशी रंगांचा हट्ट धरू नकोस. दांडेकर बंधूंनी १९३१ साली शाईपासून सुरू केलेल्या कॅम्लिनच्या रंगांवर महाराष्ट्रातल्या पिढ्यान्‌पिढ्या चित्रकला शिकल्या आहेत. ट्यूबवर ‘आर्टिस्ट’ लिहिलंय ना, एवढं बघ.

काळा का नको, तेही सांगते. काळ्यात पांढरा घातला की एकाच जातीचा थंड राखाडी मिळतो. तोच सगळीकडे फिरवला की पुतळा संगमरवराचा न वाटता सिमेंटचा वाटायला लागतो. त्याऐवजी हे कर. काचेच्या तुकड्यावर हरभऱ्याएवढा अल्ट्रामरीन आणि तेवढाच बर्न्ट सिएन्ना घे आणि चाकूने चांगला घोट. निळा आणि तांबूस एकमेकांना मारतात आणि जवळजवळ काळा रंग तयार होतो. त्यातला कणभर पांढऱ्यात मिसळलास की राखाडी. आता त्यात सिएन्ना किंचित वाढव, राखाडीला ऊब येते. निळा वाढव, तो गार पडतो. संगमरवराचे सगळे रंग या दोन टोकांच्या मधे बसतात. स्वीडनचा अँडर्स झॉर्न पांढरा, काळा, यलो ऑकर आणि एक लाल अशा चार रंगांच्या पॅलेटसाठी आजही ओळखला जातो, आणि त्याने तर जिवंत माणसांची कातडी रंगवली. आपल्यासमोर दगड आहे.

कमी रंगांचं मला सर्वांत मोल वाटतं ते दुसऱ्याच कारणाने. तुला सलग चार तास मिळणार नाहीत. सकाळचं पाणी, धाकट्याचा डबा, आईचं दुखणं, यातून तासभर निघेल. चोवीस ट्यूब असल्या की त्यातला अर्धा तास कोणता रंग घ्यावा या विचारात जातो. तीन असल्या की बसलीस की लगेच काम सुरू. उरलेले रंग वायाही घालवू नकोस. ती काच तशीच पसरट ताटात ठेव आणि रंग बुडतील एवढं पाणी ओत. तेलाचा रंग हवेतला प्राणवायू घेऊन सुकतो. पाण्याखाली हवा कमी पोचते, म्हणून दुसऱ्या दिवशीही तो बराचसा मऊ राहतो. पाणी ओतून टाक, वरचे थेंब टिपून घे आणि पुढे चालू.

आता पुतळ्याकडे ये. रंगाला हात लावण्याआधी एक सकाळ नुसती बघण्यात घालव. व्हरांडा एका बाजूने उघडा आहे, म्हणजे उजेड एकाच अंगाने येतो, हे तुझं भाग्य समज. खोलीत दोन-तीन ट्यूबलाइट असत्या तर सावल्याच मोडल्या असत्या. आकाशाचा उजेड गार असतो, म्हणून पुतळ्याची उजेडातली बाजू थोडी निळसर दिसेल आणि सावलीतली त्या मानाने उबदार. पिवळ्या बल्बखाली हे उलटं होतं. म्हणून पहिल्या दिवशी जी वेळ धरशील तीच रोज धर. एक दिवस सकाळी आणि एक दिवस दिवे लावून, असं करू नकोस.

मग हनुवटीच्या खाली बघ. वाकून नको, जिथे बसणार तिथूनच. तिथे सावली आहे, पण ती काळी नाही. तिच्यात लालसर झाक दिसेल. ती अंगणातून आली आहे. तुमच्या शाळेचं पटांगण लाल मातीचं, पायऱ्या जांभ्याच्या चिऱ्याच्या. ऊन त्यांच्यावर पडतं आणि परतताना लाल होऊन खालून पुतळ्याला लागतं. हनुवटीखाली, नाकपुडीच्या कडेला, खांद्यावरच्या उपरण्याच्या चुणीत, जे जे पृष्ठ जमिनीकडे तोंड करून आहे तिथे ही लाली असते. जयपूरच्या किंवा लंडनच्या पुस्तकातला संगमरवर असा दिसणार नाही. हा आपल्या मातीचा उजेड आहे, आणि तुझ्या तीन ट्यूबमधल्या बर्न्ट सिएन्नाचं खरं काम इथे आहे. पावसाळ्यात पटांगण हिरवं झालं की हीच जागा हिरवट दिसते. म्हणून हे चित्र दिवाळीनंतर काढ, गवत सुकून माती उघडी पडलेली असताना.

एक गोष्ट मात्र जपायची. ही परावर्तित लाली कितीही सुंदर वाटली तरी ती सावलीतच आहे. उजेडाच्या बाजूचा सर्वांत गडद भागसुद्धा तिच्यापेक्षा उजळच असला पाहिजे. हा नियम मोडला की पुतळ्याची गोलाई जाते आणि हनुवटी फुटल्यासारखी वाटते. खात्री करायची तर डोळे किलकिले कर. किलकिल्या डोळ्यांनी सावली सगळी एक होते आणि उजेड सगळा एक होतो. जे तरीही वेगळं उठून दिसतं तेवढंच खरं.

तुझी अडचण मला कळते. आपण कोकणातल्या मुली लहानपणापासून काळ्या पाषाणाच्या मूर्ती बघत आलो. आपल्याकडे जांभा आहे, काळा दगड आहे, संगमरवर मात्र मकराण्यासारख्या ठिकाणाहून राजस्थानातून येतो, नाहीतर थेट इटलीहून. शिर्डीच्या समाधी मंदिरातली साईबाबांची मूर्ती बाळाजी वसंत तालीम यांनी इटालियन संगमरवरात घडवली आणि ती १९५४ साली बसवली. देवळातल्या काळ्या मूर्तीवर तेल चढलेलं असतं, समईचा उजेड कपाळावर, नाकावर, ओठावर चमकतो, आणि डोळा ती चमक टिपून उरलेला आकार मनाने भरून काढतो. काळा दगड रंगवायचा तर चमक रंगवावी लागते. पांढऱ्या दगडात तेवढ्याने काम होत नाही, तिथे सावली रंगवावी लागते. पांढरा दिसतोय म्हणून हात आपोआप पांढऱ्या ट्यूबकडे जातो आणि थोड्याच वेळात बोर्डवर खडूची फक्की पसरलेली असते. म्हणून म्हणते, टायटॅनियम व्हाइटचा शुद्ध ठिपका चित्रात शेवटच्या दिवशी, दोन-तीन जागी. कपाळाचा वरचा उंचवटा, नाकाचा शेंडा, फार तर खांद्याची कडा. बाकी सगळा पुतळा राखाड्यांत.

आता पोळपाटाचं ऐक. तुमच्या घरी संगमरवरी पोळपाट आहे ना? रात्री दिवा बंद कर, मोबाइलची बॅटरी लाव आणि ती पोळपाटाच्या कडेला टेकव. दगडाच्या आत बोटभर उजेड शिरलेला दिसेल, पिवळसर, मधासारखा. पीओपीच्या गणपतीवर तीच बॅटरी टेकवून बघ, उजेड वरच थांबतो. संगमरवर थोडा पारदर्शी असतो. उजेड त्याच्या आत जातो, फिरतो आणि बाहेर येतो. म्हणूनच त्याच्यावर उजेड आणि सावली यांची सीमा धारदार नसते, तिथे एक उबदार पट्टा असतो. कानाची पाळी, नाकपुडी, उपरण्याची पातळ कड, अशा पातळ जागी तर हे स्पष्ट दिसतं. या पट्ट्यात किंचित सिएन्ना घातलास आणि कोरड्या ब्रशने दोन्ही बाजू एकमेकींत अलगद ओढल्यास की दगड जिवंत होतो. संगमरवर आणि प्लास्टर यांच्यातला फरक चित्रात दिसतो तो याच अर्ध्या इंचात, त्यामुळे तुझा निम्मा वेळ तिथे गेला तरी चालेल.

याचा उत्तम नमुना आपल्याच जिल्ह्यातल्या माणसाने करून ठेवलाय. सा. ल. हळदणकर सावंतवाडीचे, जन्म १८८२चा. त्यांचं ‘ग्लो ऑफ होप’ तू कॅलेंडरवर पाहिलं असशील. हातात दिवा घेतलेली, ज्योतीवर तळवा धरलेली बाई. पुष्कळांना ते रविवर्म्याचं वाटतं, पण ते हळदणकरांचं आहे आणि म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. ते जलरंगात आहे, आपलं माध्यम वेगळं, तरी तिची बोटं बघ. ज्योतीचा उजेड बोटांतून आरपार येतोय, बोटांच्या कडा तांबूस झाल्या आहेत. कातडी असो की संगमरवर, आत शिरलेला उजेड ऊब घेऊन बाहेर येतो. त्या चित्राचा चांगला छापील नमुना मिळाला तर भिंतीला लाव.

हातात ब्रश घेतलास की क्रम असा ठेव. बोर्ड दहा बाय बारा इंचांचा, त्याहून मोठा नको. पांढऱ्या बोर्डवर पांढरा पुतळा कधीच दिसत नाही, म्हणून आदल्या दिवशी सिएन्ना टर्पेंटाइनमध्ये पातळ करून सगळ्या बोर्डवर फिरव आणि फडक्याने पुसून घे. मातकट, मधल्या उजेडाची जमीन तयार होईल. पुतळ्याच्या मागे एखादी गडद सुती साडी टांग. यान व्हान आयक नावाच्या चित्रकाराने १४३०च्या दशकात दोन फळ्यांवर देवदूत आणि मेरी असे दोन पांढरे दगडी पुतळे नुसत्या रंगाने रंगवले. त्यांच्या मागे त्याने घोटलेला काळा दगड दाखवला आहे आणि त्यात पुतळ्यांची पाठ उमटली आहे. ते चित्र आज माद्रिदला आहे. पांढऱ्याला पांढरं दिसण्यासाठी शेजारी गडद लागतं, हे त्याला सहाशे वर्षांपूर्वी पक्कं ठाऊक होतं.

मग काचेवर पाच राखाडी ओळीने तयार कर, सर्वांत गडद ते सर्वांत उजळ. सर्वांत उजळ ढिगातही थोडा राखाडी असू दे. पहिल्या बैठकीत फक्त दोनच वापर: सावलीला एक, उजेडाला एक. नाक-डोळे काही नको, सावलीचा आकार नकाशासारखा भर. इथे घाई केलीस तर पुढचं सगळं ओढाताणीचं होईल. दुसऱ्या बैठकीत मधले राखाडी घाल. कडांकडे लक्ष दे: नाकाची गालावर पडलेली सावली जिथून सुरू होते तिथे तिची कड धारदार असते आणि दूर जाता जाता मऊ होते, गालाच्या गोलाईची सावली मात्र पहिल्यापासून मऊ. तिसऱ्या बैठकीत ऊब-गारवा. दगडातल्या शिरा सगळ्यात शेवटी, आणि त्याही एखाद-दुसरी.

डोळ्यांबद्दल वेगळं सांगायलाच हवं. भाद्रपदाआधी आपल्या गावच्या गणपतीच्या शाळेत तू तासन्‌तास बसतेस, आखणी कशी करतात ते तुला माहीत आहे. तो हात इथे आवरता घे. मूर्तीचा डोळा रेषेने उघडतो, कारण तिच्यात देव बघायचा असतो. अर्धपुतळ्याच्या डोळ्यात रंग नसतो. तिथे वरच्या पापणीची सावली असते, खालच्या पापणीवर बारीकसा उजेड असतो, आणि कोरीव बुबुळ असलंच तर एक खळगा असतो. सावली बरोबर पडली की नजर आपोआप येते. आखणी केलीस की दगडाचा माणूस होईल आणि चित्राचा विषयच हरवेल.

घरात लोक विचारतील, रंग विकत आणले आणि चित्र बिनरंगाचं का? त्यांना सांग की शिकायची हीच रीत आहे. मुंबईचं जे. जे. स्कूल १८५७ साली सुरू झालं. तिथे कित्येक वर्षं मुलं ग्रीक-रोमन पुतळ्यांच्या प्लास्टरच्या नकलांवरून चित्रं काढत हात घडवत होती. त्या वर्गाला अँटिक म्हणायचे. चित्रकार धुरंधर १८९० साली तिथे विद्यार्थी म्हणून शिरले आणि पुढे शिक्षक झाले. त्यांचं ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ वाचनालयात मिळालं तर अवश्य वाच. गणपतराव म्हात्र्यांनी मंदिराच्या वाटेवरची नऊवारीतली मुलगी प्लास्टरमध्ये घडवली तीही जे. जे.त विद्यार्थी असताना. आणि मुलींनी हे करावं का, असं कोणी म्हणालंच, तर धुरंधरांच्याच मुलीचं नाव सांग. अंबिका धुरंधर जे. जे.त शिकल्या, जन्मभर चित्रकार म्हणून जगल्या आणि ‘माझी स्मरणचित्रे’ लिहून गेल्या.

कधी मुंबईला मावशीकडे गेलीस तर एक दुपार माझ्यासाठी काढ. भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात जा. ते लोकांसाठी १८७२ साली उघडलं आणि ज्या डॉक्टरांचं नाव आज त्याला आहे ते आपल्या शेजारच्या पेडण्यातल्या मांद्रे गावचे. आत प्रिन्स अल्बर्टचा संगमरवरी पुतळा आहे. फोर्टातल्या टाउन हॉलमध्ये, एशियाटिक सोसायटीत, नाना शंकरशेटांचा संगमरवरी पुतळा आहे. वही-पेन्सिल घेऊन जा, फोटो काढून परत येऊ नकोस. फोटोत सावल्या काळ्या होतात आणि उजेड कोरा पडतो, नेमकं जे शिकायचं तेच त्यात नसतं.

आता जरा आईसारखं बोलते, रागावू नकोस. तेल म्हणून हार्डवेअरच्या दुकानातलं बेलतेल आणू नकोस. स्वस्त असतं, दारं-खिडक्यांना ठीक, पण चित्रावर ते काळवंडतं. चित्रकलेच्या दुकानातलं लिनसीड ऑइल घे, लहान बाटली. पहिला थर टर्पेंटाइनने पातळ, वरच्या थरात तेल थोडं जास्त, हा क्रम उलटा झाला की पुढे भेगा पडतात. टर्पेंटाइन बंद खोलीत वापरू नकोस, डोकं धरतं. पडवीत बस, आणि त्याची बाटली धाकट्याच्या हाताला लागणार नाही अशी वर ठेव. तेल पुसलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात कधीच टाकू नकोस. तेल सुकताना उष्णता तयार होते आणि अशा बोळ्याने आपोआप पेट घेतल्याचं घडलेलं आहे. फडकी साबणाने धू आणि दोरीवर पसरून वाळव.

आपल्या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, हे चित्राच्या बाबतीतही विसरू नकोस. जूनच्या आत बोर्ड पुरता सुकला पाहिजे. भिंतीला चिकटवून ठेवलास तर मागे बुरशी धरेल, म्हणून मागे दोन बोटं मोकळी ठेव. व्हार्निशची घाई नको, निदान सहा महिने जाऊ देत.

आणि हे एकच चित्र महिनोन्‌महिने घासत बसू नकोस. तोच पुतळा, तीच जागा, तीच वेळ, छोटे छोटे तीन बोर्ड कर. दुसऱ्यात तुला पहिल्यापेक्षा जास्त राखाडी दिसतील, तिसऱ्यात कमी लागतील. तोपर्यंत चौथी ट्यूब आणू नकोस.

शाळेत बसायची परवानगी आधी हेडमास्तरांकडून घे. रविवारची सकाळ माग, पटांगणात पोरं नसतील तेव्हा उजेड मोकळा मिळतो. एकटी जाऊ नकोस, मैत्रिणीला सोबत ने, तिलाही एक बोर्ड दे. पहिला बोर्ड झाला की सुकायची वाट न बघता ओलाच माझ्याकडे घेऊन ये. ओल्या रंगात दुरुस्ती करता येते, आणि आपण दोघी मिळून ती करू.